हवेच्या क्लचची कुळकथा

जहाजाचे थेट पंख्यास जोडलेले डिझेल एंजिन उलट फिरवावयाचे म्हणजे ते आधी थांबवावे, झडपांच्या व इंधनाच्या वेळा बदलाव्या आणि साठवलेल्या दाबहवेने ते पुन्हा विरुद्ध दिशेने सुरू करावे लागते. आणि धक्क्यालगत पुढचे-मागचे हुकूम एकामागून एक सुटू लागले म्हणजे ही हवेची शिल्लक किती वेळ पुरेल याची धास्ती एंजिनखोलीतल्या लोकांस लागून राहते. एंजिन एकाच दिशेने अखंड चालू ठेवून पंख्याशी असलेला त्याचा संबंध मात्र इच्छेनुसार जोडावा वा तोडावा, ही निकड त्यातून उत्पन्न झाली.

ती भागविणाऱ्यांत अग्रस्थान द्यावे लागेल ते अमेरिकेच्या सू फॉल्स गावात वाढलेल्या टॉमस फॉविक यास. तरुणपणी स्वतः मोटारगाडी बांधणारा आणि 1918 साली रॅसीन येथे ट्विन डिस्क या क्लचच्या कारखान्याच्या स्थापनेत सहभागी असलेला हा यंत्रज्ञ 1930च्या दशकात पोलादाचा हट्ट सोडून रबराकडे वळला, आणि ‘एअरफ्लेक्स’ हा हवेने चालणारा क्लच जन्मास आला.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. एका पोलादी कड्याच्या आतील बाजूस धाग्यांनी बळकट केलेली रबरी नळी वर्तुळाकार बसविलेली असते. नळीच्या आतल्या अंगास घर्षणपट्ट्यांचे जोडे आणि त्यांच्या मधोमध, किंचित अंतर राखून, एक ढोल. आसाच्या पोकळीतून दर चौरस इंचास सुमारे 100 पौंड दाबाची हवा नळीत शिरली की ती आत फुगते आणि मनगट मुठीत धरावे तसे जोडे ढोलास चहूबाजूंनी आवळतात. हवा सोडताच नळीची लवचीकता आणि फिरण्याने उत्पन्न होणारे केंद्रोत्सारी बल त्यांना मागे ओढते. हेच बल जोडलेल्या अवस्थेतही पकड सैल करू पाहत असल्याने हवेच्या दाबाचा काही अंश केवळ त्याच्या प्रतिकारात खर्ची पडतो. परंतु खरी करामत रबराची: एंजिन आणि पंखा फिरविणारी दंतचक्रे यांच्यामध्ये पोलादाचा ताठर दुवा उरत नाही, त्यामुळे सिलिंडरांतील स्फोटांचे हादरे वाटेतच पुष्कळसे शोषले जातात आणि दोन आसांच्या रेषेत पडलेला अल्प फरकही खपून जातो.

दुसऱ्या महायुद्धात या योजनेची कसोटी लागली. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरविणाऱ्या ‘एलएसटी’ जहाजांवर (अशी हजाराहून अधिक जहाजे अमेरिकेने बांधली) प्रत्येकी 900 अश्वशक्तीची दोन डिझेल एंजिने असत, आणि त्यांच्या फॉक बनावटीच्या दंतचक्रपेटीबरोबर हेच क्लच जोडलेले असत: एक पुढच्या गतीचा, दुसरा मागच्या गतीचा. वाळूत रुतलेले जहाज मागे टाकलेल्या नांगराच्या ओढीने आणि उलट फिरणाऱ्या पंख्यांच्या जोराने सोडवून घेताना एंजिन बंद करण्याची गरजच पडत नसे.

दोन्ही क्लचांत एकाच वेळी हवा जाऊ नये अशी तजवीज नियंत्रणाच्या झडपांत करावी लागते, आणि ढोलावर तेल उडू न देण्याची दक्षता तर अहर्निश घ्यावी लागते. कारण तेलकट पट्टी दाब पुरेसा असतानाही घसरते, तापते आणि जळते. जहाजे ओढणाऱ्या टगांवर हा क्लच आजही कामास आहे.