पीतबिंदूची झीज आणि मूळपेशींचा उपचार

साठी उलटल्यानंतर नजर अधू झाली, की आपल्याकडे पहिला संशय मोतीबिंदूचा येतो. तो काढला, की बहुतेकांना पुन्हा स्वच्छ दिसू लागते. काही ज्येष्ठांना मात्र चष्मा बदलूनही वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या दिसतात, समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी धूसर डाग येतो; कडेचे सारे तेवढे व्यवस्थित दिसत असते. हा दोष भिंगाचा नसून डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, दृष्टिपटलाचा असतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूची, म्हणजेच मॅक्युलाची, वयोमानानुसार झीज झाल्याने ही अवस्था येते.

पीतबिंदूतील प्रकाशसंवेदी पेशींच्या खाली रंगद्रव्ययुक्त पेशींचा एकेरी थर असतो. वरच्या पेशींना पोषण पुरविणे व त्यांनी टाकलेला कचरा उचलणे, हे त्याचे काम. तो मरू लागला, की त्याच्या आधाराने जगणाऱ्या पेशीही मरतात. आजाराच्या ‘कोरड्या’ प्रकारात ही झीज वर्षानुवर्षे चालते. ‘ओल्या’ प्रकारात थराखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरतात आणि दृष्टी झपाट्याने जाते. ओल्या प्रकाराला आवर घालणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत. कोरड्या प्रकाराचा वेग मंदावणारी दोन औषधे अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. पण मेलेली पेशी यांपैकी कशानेही परत येत नाही. म्हणूनच कोणत्याही प्रकारच्या पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या मूळपेशींकडे, अर्थात स्टेम सेलकडे, शास्त्रज्ञांचे लक्ष वळले.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचापेशींना पुन्हा मूळपेशींचे रूप दिले; त्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पेशींचे पहिले मानवी प्रत्यारोपण डोळ्यातच झाले. रिकेन संस्थेच्या मासायो ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगात सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे येथे सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या डोळ्यात, तिच्याच त्वचेपासून तयार केलेल्या रंगद्रव्य पेशींचा १.३ बाय ३ मिलिमीटरचा पापुद्रा बसविण्यात आला. वर्षभराने दृष्टी सुधारली नव्हती, पण खालावलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळताच २०१५ मध्ये त्याची शस्त्रक्रिया थांबविण्यात आली.

लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयात भ्रूणापासून मिळविलेल्या मूळपेशी वापरण्यात आल्या. ओल्या प्रकारामुळे अचानक दृष्टी गमावलेल्या दोन रुग्णांच्या डोळ्यात कृत्रिम पटलावर वाढविलेला पेशींचा थर बसविला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मिनिटाला जेमतेम दोन शब्दही वाचू न शकणारा एक रुग्ण वर्षभरात सुमारे ८३, तर अजिबात न वाचू शकणारा दुसरा सुमारे ४८ शब्द वाचू लागला. निष्कर्ष थक्क करणारा खरा. पण रुग्ण दोनच होते.

या संशोधनाची दुसरी बाजू अधिक भयावह आहे. कोबेच्या महिलेचा अहवाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या मार्च २०१७ मधील ज्या अंकात आला, त्याच अंकात अमेरिकेतील फ्लोरिडातील तीन वृद्ध महिलांची हकिगत होती. वय ७२ ते ८८. पीतबिंदूच्या झिजेवर उपचार म्हणून एका खासगी क्लिनिकने त्यांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूळपेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. शुल्क प्रत्येकी पाच हजार डॉलर. काही दिवसांतच डोळ्यांत रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटले आणि तिघींची होती ती दृष्टीही जवळपास गेली. चरबीतून काढलेल्या पेशी नुसत्या टोचल्याने त्यांचे रंगद्रव्य पेशींत रूपांतर होत नाही. शिवाय प्रयोगात आधी एकाच, बहुधा अधिक खराब, डोळ्यावर उपचार करण्याचा साधा संकेतही येथे पाळला गेला नाही.

आपल्याकडे ‘मूळपेशींनी दृष्टी परत आली’ अशा ज्या बातम्या वाचनात येतात, त्यांपैकी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचे काम मोलाचे आहे; पण ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याशी, कॉर्नियाशी निगडित आहे. रासायनिक भाजण्यामुळे गेलेली दृष्टी त्याने परत मिळू शकते. पीतबिंदूच्या झिजेशी त्याचा संबंध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसारखे मान्य उपचार वगळता मूळपेशींचा वापर नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेणे योग्य मानले जात नाही. तेव्हा जेथे आधी ‘पॅकेज’चा दर सांगितला जातो, तेथून परत फिरलेलेच बरे.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी मात्र फुकट आहे. वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा झाकून चौकटीच्या कागदाकडे पाहावे. रेषा वाकलेल्या किंवा मध्येच तुटलेल्या दिसल्यास त्याच आठवड्यात दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे जावे. ओल्या प्रकारातील इंजेक्शनाचा लाभ पेशी जिवंत असेपर्यंतच मिळतो.