म्हातारीचं वय

३ एप्रिल १९११, सोमवार. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या एका झोपडीत तुम्ही चुलीपाशी उभे आहात. जळणाला लाकूड नाही, दलदलीतून कापून वाळवलेलं पीट आहे. त्याच्या धुराने डोळे चुरचुरतायत. दारात रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा शिपाई. काल रात्री या छपराखाली कोण कोण होतं, त्याचा तक्ता न्यायला आलाय. म्हातारीला लिहिता येत नाही, म्हणून तोच भरतो: नाव, धर्म, आयरिश बोलता येतं का, घरात कोणी आंधळं, मुकं-बहिरं, वेडं आहे का. वय विचारल्यावर म्हातारी ठणकावून सांगते, चौऱ्याहत्तर. आणि खाली फुली मारते.

आता दहा वर्षं मागे या. ३१ मार्च १९०१ चा तक्ता. हीच झोपडी, हीच बाई. वय छप्पन्न.

हसू नका. अशा झपाट्याने म्हातारी झालेली माणसं या दोन खानेसुमाऱ्यांत गावोगाव भेटतात. मधल्या काळात, १ जानेवारी १९०९ पासून, सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली होती. जन्माची सरकारी नोंद तिथे १८६४ पासूनची; या बाईकडे दाखला कुठून असणार? मग प्रश्न यायचा, ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ आठवते का? ६ जानेवारी १८३९ चं ते वादळ. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली’ म्हणत, तशी ती खूण. वादळ आठवलं की सत्तरी सिद्ध. त्या रात्री आपण हातात बटाटा धरून खात होतो, असंही लोक सांगत. कोणाला आठवणार नाही?

एवढ्यावर भागलं नाही, तर डब्लिनच्या दफ्तरखान्यात १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीत नाव शोधलं जाई. तीच बाडं बघायला निघालात? मग ३० जून १९२२ च्या आत पोहोचा. त्या दिवशी, यादवी युद्धात, हा दफ्तरखाना जिथे होता त्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट होतो आणि जळके कागद शहरावर भिरभिरतात. १८२१ ते १८५१ च्या नोंदी जवळजवळ सगळ्या गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यात गेल्या. मला आगीपेक्षा या दुसऱ्या प्रकाराचा संताप जास्त येतो.

प्रोटेस्टंट चर्चच्या पुष्कळ वह्याही दफ्तरखान्यात जमा होत्या, त्या जळाल्या. कॅथलिक पाद्र्यांनी आपल्या गावातच ठेवल्या, म्हणून राहिल्या. तेव्हा देवळाकडे वळा, १८४२ च्या मे महिन्यात. तान्ही पोर रडतेय. पाद्री लॅटिनमध्ये ‘मारिया’ लिहितो, घरी या नावाने तिला कोणी हाक मारणार नाही. मग बाप, धर्मपिता, धर्ममाता आणि आईचं माहेरचं आडनाव. ते नीट उतरवून घ्या. सगळं आजोळ त्यावरूनच हाती लागतं.

साल पुन्हा बघा. १८४२. वादळ सुटलं तेव्हा ही जन्मलीही नव्हती, आणि पेन्शन सुरू झाली तेव्हा होती सहासष्टची. ही वही अधिकाऱ्यासमोर कोणी नेली नाही. दर शुक्रवारी ती पोस्टात जाते, पाच शिलिंग पदराआड बांधते. तुम्हीही चहाडी करू नका.