खाजणांतील भात : घरचें कीं बाहेरचें?

भात म्हणजे पाणथळींत वाढणारें एक गवतच, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. पनवेलच्या खाडीकांठीं आगरी शेतकऱ्यांनीं बांध घालून भरती अडविली, ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे पावसाचें पाणी बाहेर सोडलें आणि खारट मातींत ‘राता’ हें तांबड्या दाण्याचें भात पिकविलें. हें गवत मूळचें येथलें, कीं परदेशांतून आलेलें? पोथ्या व ताम्रपट येथें मुके ठरतात. कारण शेती लिपीहून फार जुनी आहे. तेव्हां साक्ष काढावयाची ती दाण्याचीच. त्याच्या पेशींत आनुवंशिक अक्षरांनीं लिहिलेली पूर्वजांची वंशावळ असते.

२०१२ सालीं चीनमधील बिन हान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लागवडीच्या १०८३ आणि रानटी भाताच्या ४४६ नमुन्यांच्या अशा वंशावळी ताडून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष असा कीं, ‘जपोनिका’ भात प्रथम दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या खोऱ्यांत लागवडीखालीं आलें; पुढें दक्षिण व आग्नेय आशियांतील रानभाताशीं त्याचा संकर होऊन आपलें ‘इंडिका’ जन्मास आलें. भारतांतील लागवड स्वतंत्रपणें सुरू झाली होती, असें मानणारे पंडितहि आहेत.

दाण्याचा रंगच पाहा. रानभाताचा दाणा तांबडा असतो. ‘आरसी’ नांवाच्या जनुकांतील चौदा अक्षरें गळालीं कीं तो पांढरा होतो. ही गळती प्रथम जपोनिकांत झाली व संकरानें इंडिकांत शिरली, असें कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं २००७ सालीं दाखविलें. म्हणजे शहरी ताटांतील तांदळाचा शुभ्रपणा बहुधा पाहुणा. आणि ज्याला पाहून आपण नाक मुरडलें, तो तांबडेपणा मात्र रानांतल्या पूर्वजांचा. तेव्हां ‘देशी कीं विदेशी’ हा प्रश्न सबंध रोपाला विचारून भागत नाहीं. तो एकेका गुणाला विचारावा लागतो.

परंतु न्याय करावयाचा तर साक्षीदार जिवंत हवेत. नांगर न लावतां उगवतें म्हणून ऋषिपंचमीला चालणारें ‘देवभात’ हें याच वंशाचें रानांतील रूप होय. १९७० मध्यें सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई वसूं लागली, तेव्हांपासून पनवेल-उरणकडील पुष्कळ खाजणांवर भराव पडला. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें पनवेल-१, पनवेल-२ अशीं क्षार सोसणारीं भातें निपजविलीं, हें मोठेंच कार्य. पण तो गुण नव्या वाणाला जुन्यांकडूनच मिळावयाचा. म्हणून मूठभर राता व देवभात राखणें हें जुनीं दप्तरें जपण्यासारखेंच कर्तव्य आहे. तीं एकदां नष्ट झालीं, कीं त्यांची नक्कल कोठेंहि मिळत नाहीं.