इतिहासाच्या वर्गातील लेखन-अनिच्छा : भाट्ये परिसराच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

इतिहास विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना लिहिण्याचा कंटाळा असतो, ही तक्रार प्राध्यापकवर्गात नेहमीची आहे आणि उत्तरपत्रिका तपासताना तिचा प्रत्ययही येतो. काही पुरवण्या कोऱ्या राहतात. ज्या भरतात त्यांत एकच परिच्छेद शब्दाचाही फरक न होता अनेकांच्या हातून उतरलेला दिसतो. परंतु याच विद्यार्थ्याला खाडीचे पाणी कोणत्या तिथीला किती चढते किंवा गावातील कोणते घर केव्हा उठून मुंबईला गेले हे विचारले, तर तो न अडखळता बोलतो. तेव्हा सगळा दोष आळसाच्या माथी मारून हा प्रश्न सुटत नाही. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखापलीकडे वसलेल्या भाट्ये गावाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. विद्यार्थी लिहीत नाही तो भाषा नसल्यामुळे नव्हे. त्याला विचारलेल्या प्रश्नात त्याने स्वतः ठरवावे असे काहीच उरलेले नसते, हे त्याचे मुख्य कारण होय, असे येथील प्रतिपादन आहे.

तयार उत्तराची सवय

‘कारणे व परिणाम स्पष्ट करा’ या साच्यातील प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याच्या आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असते. त्याने ते फक्त आठवायचे. अशा उत्तरांत एक विशिष्ट प्रकारचे वाक्य वारंवार भेटते : ‘ते थोर देशभक्त व द्रष्टे समाजसुधारक होते.’ या वाक्यातील ‘ते’ म्हणजे टिळक, आगरकर, गोखले यांपैकी कोणीही असू शकतात. नाव बदलले तरी वाक्यास बाध येत नाही. ज्या वाक्याला नाव बदलल्याने काहीच होत नाही ते वाक्य इतिहासाचे नव्हे. पूर्वी अशी वाक्ये मार्गदर्शिकांतून येत, आता ती भ्रमणध्वनीवर क्षणार्धात तयार होऊन मिळतात, आणि त्यांचे व्याकरण मार्गदर्शिकांपेक्षाही निर्दोष असते. त्यामुळे केवळ शुद्ध व नीटस उत्तर मागणाऱ्या अध्यापनापुढे आता मोठीच अडचण उभी राहिली आहे.

मराठीतील इतिहासलेखनाची सुरुवात मात्र अशा निर्विवाद वाक्यांतून झालेली नाही. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर काही काळ रत्नागिरीच्याच सरकारी शाळेत शिक्षक होते व १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. त्यांची मते आज जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत, परंतु इंग्रज ग्रंथकारांनी या देशाच्या भूतकाळाविषयी दिलेला निवाडा अमान्य करण्यासाठी ते लिहीत होते. त्यांच्या लेखणीला प्रतिपक्ष होता. पुढे शाळांनी त्यांच्याकडून अलंकार घेतले, वाद घेतला नाही.

दोन दाखले

गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल येथे झाला. बडोदे संस्थानात राजपुत्रांना शिकविताना त्यांना मराठीत समाधानकारक पुस्तक मिळेना, म्हणून पाठासाठी टिपणे काढावी लागली. ती वाढत गेली आणि १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. रियासतींच्या पुढील प्रचंड व्यापामागे सुरुवातीस वर्गाची साधी निकड होती, ही गोष्ट अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. समोर बसलेल्या कोणाला तरी काही समजावून द्यावयाचे असले की लेखन सुरू होते.

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. पेशवाईच्या काळात आपल्या समाजास काय सोसावे लागले ते तिने त्यात सांगितले आणि आपल्या समाजाचा धर्म कोणता, हा प्रश्नही विचारला. तेव्हा उपलब्ध असलेल्या कोणत्याही बखरीत तिला हा मजकूर त्या बाजूने मिळाला नसता. शाळेत मिळालेली अक्षरे आणि वस्तीत भोगलेले व ऐकलेले आयुष्य यांची सांगड तिच्या हातून पडली. एका विद्यार्थिनीचा निबंध पुढे इतिहासाचे साधन ठरला. मुक्तेला वर्गात दुसऱ्याचे उत्तर पाठ करावयास लावले असते, तर हे साधन निर्माणच झाले नसते.

भाट्ये : साधने आणि छोटे प्रश्न

भाट्ये गाव पर्यटकांना लांबसडक किनारा, सुरूचे बन आणि झरी विनायक यांमुळे माहीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याला स्थान नाही, आणि अध्यापनाच्या दृष्टीने हीच त्याची सोय आहे. त्याच्याविषयी तयार उत्तर कोठेही मिळत नाही.

खाडीच्या उत्तरेकडील उंचावरून भाट्याची खाडी व समुद्र दिसतो. त्या जागेला थिबा पॉइंट म्हणतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८५ च्या युद्धानंतर मंडालेहून काढून १८८६ साली रत्नागिरीस आणले गेले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली तयार झाला आणि १९१६ साली तो येथेच मरण पावला. आता मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरीविषयीचा खंड विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि त्यातून थिबाची माहिती काढावयास सांगावे. ती सापडत नाही. ‘का सापडत नाही, ते दोन वाक्यांत लिहा’ एवढाच प्रश्न विचारावा. खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. तेव्हा थिबा मंडालेस राज्य करीत होता. हे ज्याने मुखपृष्ठावरील साल पाहून स्वतः शोधले, त्याने साधनाचा काळ आणि घटनेचा काळ यांतील भेद प्रथमच अनुभवला. त्याची दोन वाक्ये ओबडधोबड असतील, परंतु त्याची स्वतःची असतील. स्थानिक इतिहासाने दृष्टी आकुंचित होते असा एक आक्षेप घेतला जातो. येथे तर खाडीच्या काठावरून निघालेला प्रश्न थेट इरावतीच्या काठी पोहोचतो.

भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राचेही असेच आहे. केंद्राची स्थापना १९५५ ची, महाराष्ट्र राज्याची १९६० ची, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची १९७२ ची. आज केंद्र विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. मग पहिली सतरा वर्षे ते कोणाचे होते? ज्या रत्नागिरी जिल्ह्यात ते सुरू झाले त्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही होता, मग त्याचे कार्यक्षेत्र कसे समजावे? एका फलकावरील साल हातात घेऊन राज्यपुनर्रचनेचा धडा शिकविता येतो. नारळाच्या एका संकरित जातीच्या नावातच भाट्ये हे गावाचे नाव आहे. बागायतदाराच्या घरातील मुलाला याविषयी लिहावयास वेगळी प्रेरणा द्यावी लागत नाही.

तिसरा प्रश्न खाडी ओलांडण्याचा आहे. पूल होण्यापूर्वी पलीकडे कसे जात, किती वेळ लागे, पावसाळ्यात काय होई, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावयाचे. वृद्ध माणसे साल सांगत नाहीत, खुणा सांगतात : ‘कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी’, ‘रेल्वे आली तेव्हा’. भूकंप डिसेंबर १९६७ मधील, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो जानेवारी १९९८ मध्ये. आजीच्या खुणेचे सालात रूपांतर करणे हे संशोधकाचे काम आहे आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी ते करू शकतो.

बोली, तांबडी शाई आणि पुनर्लेखन

भाट्ये आणि समोरच्या राजिवडा परिसरातील घरांत बोलल्या जाणाऱ्या बोली प्रमाण मराठीहून भिन्न आहेत. वर्गात तोंड उघडताच कोणी हसेल ही भीती कागदावरही उतरते, आणि ‘थोर देशभक्त’ या सुरक्षित वाक्यामागे विद्यार्थी लपतो. म्हणून पहिला खर्डा त्याला ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत लिहू द्यावा. सांगणाऱ्याचे शब्द तर जसेच्या तसेच टिपावेत, कारण ते साधन आहेत. प्रमाण भाषेचा आग्रह दुसऱ्या खर्ड्यात धरावा. तो सोडावा असे मात्र मुळीच नाही. पुढे नोकरीच्या अर्जात त्याला तीच भाषा लागणार आहे.

तपासणीतही संयम हवा. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या तांबड्या खुणा भरल्या की विद्यार्थी पुढच्या वेळी कमी लिहितो, म्हणजे चुकाही कमी होतात. त्याऐवजी समासात एकच प्रश्न लिहावा : ‘हे तुला कोणी सांगितले?’ किंवा ‘याच वर्षी कशावरून?’ साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकी चार ओळींस दोन मिनिटे धरली तरी दोन तास लागतात. हा भार लहान नाही, परंतु पाठ केलेली पाच-पाच पाने वाचण्याहून तो सुसह्य आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत अशा लेखनाला थेट गुण मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. अंतर्गत मूल्यमापन व प्रकल्प यांतच त्याला जागा करून द्यावी लागेल.

एकाच गोष्टीविषयी दोन घरांतून दोन वेगळी साले आली, तर अध्यापकाने निकाल देण्याची घाई करू नये. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कोणती अधिक विश्वसनीय आणि का, हे विद्यार्थ्यांनाच लिहू द्यावे. निर्णय लागला नाही तर तसे नमूद करावे. सांगणाऱ्यांच्या संमतीने या वह्या विभागाच्या कपाटात ठेवाव्यात आणि पुढील वर्षीच्या वर्गाला पहिल्याच तासाला त्यांतील एक पान देऊन, त्यात काय खटकते ते चार ओळींत लिहावयास सांगावे.