दारावरच्या सुताराचं नाव



अलेक्झांड्रियाला दोन हजार वर्षांपूर्वी जगात नामांकित ग्रंथालय होतं. ते नष्ट झालं. २००२ साली इजिप्तनं त्याच परिसरात नवं ग्रंथालय उघडलं. त्याच्या बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगभरच्या लिप्यांची अक्षरं कोरलीत. तिचा फोटो पाह्यला आणि मला कार्ले आठवलं. आपल्या मावळात अक्षरांचा दगड केव्हाचा उभा आहे. वाचतो कोण?

रात्रपाळी करून मळवलीला उतरलो नि लेण्यावर गेलो. गर्दी एकवीरेच्या दारात. त्या गर्दीशी आपलं भांडण नाही, कोळी-आगरी माणसं आपलीच आहेत. पण शेजारच्या चैत्यगृहात खांबावरच्या ब्राह्मी लेखापुढं कुणी थांबत नव्हतं.

ही लिपी जेम्स प्रिन्सेपनं १८३७ साली उलगडली. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजींनी १८८१ साली लेण्यांतले लेख छापले. मी ते वाचनालयात बसून, अडखळत वाचले. वैजयंतीचा भूतपाल शेठ सांगतो, जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह मी पुरं केलं. शेठच तो, पाठ थोपटून घेणारच! पण दारापाशी दुसरं नाव आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा लेक, त्यानं हे दार केलं. सिंहदत्त हा अत्तरं-सुगंध विकणारा, त्याचंही नाव आहे. खांब देणारे यवन आहेत. सगळं प्राकृतात, लोकांच्या बोलीत. एका राजाज्ञेत 'मामाल' येतं, तेच आपलं मावळ.

आमच्या गिरणीच्या फाटकावर मालकाचं नाव आहे. साचे बसवणाऱ्या फिटरचं नाव मी कुठं पाह्यलं नाही. आणि ज्या मुलखात पुढं आपल्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, त्याच मुलखात एक सुतार आपलं नि बापाचं नाव दगडात ठेवून गेलाय.

याच रेल्वेलाइनवर देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली. तिथं आपण जातोच. आता कार्ल्याच्या पायथ्याला सार्वजनिक ग्रंथालय मागू या. लेखांचं मराठी भाषांतर, ब्राह्मीचा तक्ता, पाळीवरून सुटलेल्याला बसता येईल अशी वेळ. अर्जाचा मसुदा मी केलाय. सह्या पाहिजेत. रविवारी सकाळच्या लोकलनं मळवलीला या. पेन आणा, तक्ता मी आणतो.