सुधाकराचा मान आणि सिंधूचे मौन

मी पंडित नव्हे. माझे वाचन कामगारांची गाऱ्हाणी लिहिता लिहिता झालेले आहे. म्हणून नाटकातील माणसेही मी त्याच नजरेने पाहतो.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेर येथे वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू.

सुधाकर दारूने बुडाला, एवढेच आपण सांगत आलो. परंतु पहिला प्याला त्याच्या हाती केव्हा आला? हा वकील बुद्धिमान आणि मानी. भर कोर्टात त्याचा तोल जातो, सनद काही काळ रद्द होते, आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीराम प्याला पुढे करतो. ताठ मान हा त्याचा गुण. पडल्यावर कोणाचा हात धरू न देणारा तोच ताठपणा हा त्याचा दोष.

गडचांदूरच्या सिमेंटच्या धुळीत मी असे सुधाकर पाहिले आहेत. कामावरून निलंबित झालेल्या माणसाच्या दारी तळीराम त्याच संध्याकाळी पोचतो. अशाच एका गड्याकडे मी चार दिवसांनी गेलो. कागदपत्रे नीट करून मगच जावे, असे मला वाटले होते. तोवर उशीर झाला होता. तो दोष माझा.

आता सिंधू. श्रीमंत माहेरची ही लेक जात्यावर दळण दळून संसार रेटते. पण नवऱ्याच्या हातून मार बसून मरतानाही पोलिसांपासून त्याचा अपराध लपविते. तिची निष्ठा थोर खरी. तथापि त्या निष्ठेतील मौनाने ना ती वाचली, ना तिचे मूल, ना सुधाकर. आपण मात्र शंभर वर्षे त्या मौनावर टिपे गाळली.

ते मौन आपल्याच जिल्ह्यातील बायांनी मोडले. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. घरातले दुःख त्यांनी सरकारच्या दारात मांडले. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये ती उठली. बंदीचे यशापयश हा वादाचा विषय आहे, आणि तो वाद व्हावा. परंतु कायदा असो वा नसो, एक काम आपल्या हातचे आहे : ज्याची भाकर आज तुटली, त्याच्या घरी आजच जाणे. कागद उद्या करता येतात.