रातांबा (कोकम)

(सं. वृक्षाम्ल, लॅ. गार्सिनिया इंडिका, कुल–क्लुसिएसी). सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आढळणारा हा सदाहरित वृक्ष मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या तालुक्यांत परसदारी नारळीपोफळीच्या सोबतीने वाढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये ‘कोकण अमृता’ हा त्याचा वाण प्रसारित केला. चैत्र-वैशाखात पिकणाऱ्या फळाची साल त्याच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळविली म्हणजे आमसूल सिद्ध होते, आणि मीठ घालून टिकविलेला रस, म्हणजे आगळ, नारळाच्या रसात मिळून सोलकढी होते. अंगावर पित्त उठले असता आमसुलाचे पाणी पिण्याचा व त्वचेस चोळण्याचा उपचार घरोघर रूढ आहे. सालीतील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने मेद झडतो, असा जो दावा बाजारात सर्रास केला जातो, त्यास मात्र पुरेसा वैद्यकीय आधार नाही. शिवाय रक्तदाबाच्या रुग्णाने आगळातील मिठाचा हिशेब ठेवणे जरूर आहे. सौंदर्यसाधनेच्या दृष्टीने फळाची खरी दौलत बियांत आहे: त्या कुटून पाण्यात उकळल्यावर वर तरंगणारे व थंडावताच गोठणारे मुठेल स्टिअरिक व ओलेइक आम्लांनी समृद्ध असून, भेगाळलेल्या टाचांस व फुटलेल्या ओठांस ते लावण्याची वहिवाट पिढीजात आहे, अलीकडे साबणांत व मलमांतही त्याचा उपयोग होतो.